लहान मुलांना मनसोक्त मळू द्या: फ्लॅटमध्ये राहून चिखल, पाणी, रंग कसे खेळू द्यायचे

मूल कुंडीतल्या मातीत हात घालायला गेलं की आपल्या तोंडातून आधी "शी, घाण!" निघतं. खरं बघाल तर त्यावेळी मातीचा विचार डोक्यात नसतोच, हे पुसणार कोण, कपडे धुणार कोण, साडेनऊची मीटिंग आहे, हेच चालू असतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की काय खेळायचं ते नंतर ठरवा, आवरायचं कसं ते आधी ठरवा. आवरायची सोय झाली की आपली चिडचिड निम्म्यावर येते आणि मग मुलाला खरंच मोकळं सोडता येतं, नाहीतर आपण तिथं बसून "अगं सांडू नको, अरे भिंतीला नको" करत राहतो आणि ते काही खेळणं नव्हे.

जागा. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये यासाठी सगळ्यात भारी जागा म्हणजे ड्राय बाल्कनी. नळ असतो, फरशीला उतार असतो, पाणी जायला जाळी असते. फक्त तिथंच आपण डिटर्जंट, फिनेल, टॉयलेट क्लिनर असं सगळं खाली ठेवलेलं असतं, ते आधी उंचावर किंवा कुलपात हलवा, आणि कठड्याजवळ पालथी बादली, स्टूल, मोठी कुंडी असं चढता येईल असं काहीही ठेवू नका. खालच्या मजल्यावरच्या काकूंचे कपडे वाळत असतील तर बाल्कनीतून पाणी ठिबकणार नाही हेही बघा, भांडणं तिथूनच सुरू होतात. ड्राय बाल्कनी नसेल तर बाथरूम, जुन्या घरातली मोरी, आणि तेही नसेल तर हॉलच्या एका कोपऱ्यात प्लॅस्टिकचा जाड कागद किंवा ताडपत्री. बोहरी आळीत गेलात तर हे सगळं हवं त्या मापात मिळून जाईल. पण प्लॅस्टिक ओलं झालं की भयंकर घसरतं, त्यामुळे त्याच्यावर जुनी चादर किंवा सुती साडी अंथरायचीच.

भांडं म्हणाल तर मोठी परात किंवा प्लॅस्टिकचं घमेलं, बांधकामावर असतं ते. रुंद असतं, उथळ असतं, कलंडत नाही, आणि लहान मूल त्यात चक्क बसू पण शकतं. माती-पाण्याच्या खेळासाठी मिळणारे परदेशी टेबल-ट्रे ऑनलाइन बघून हजारो रुपये घालवायची काहीच गरज नाही. सोबत वाट्या, डाव, जुनी गाळणी, चहाचं पातेलं, एखादा फुलपात्रं-तांब्या द्या, तुळशीबागेतली स्टीलची भातुकली असेल तर उत्तमच, पण तिच्यातल्या बारीक वस्तू मोठ्या मुलांसाठी ठेवा.

आणि हे सगळं मांडायच्या आधी बादलीत कोमट पाणी, टॉवेल, बदलायचे कपडे हाताशी ठेवा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे. मूल कोपरापर्यंत रंगलेलं असताना टॉवेल आणायला बेडरूममध्ये जायचं म्हणजे एक तर त्याला एकटं सोडायचं नाहीतर सगळ्या घरभर ठसे, दोन्ही नको. खेळायच्या आधी हातापायाला थोडं खोबरेल चोळलं तर रंग नंतर पटकन निघतो. वेळ अशी निवडा की मूल झोपून उठलंय, पोट भरलंय आणि तुम्हालाही पुढचा तासभर कुठं जायचं नाहीये. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला दहा मिनिटंसुद्धा पुरतात, तीन वर्षांचं मूल तासभर उठणार नाही.

आता कुठल्या वयाला काय.

साधारण सहा महिन्यांपासून बाळ आधाराने बसायला लागतं आणि वरचं खाणंही तेव्हाच सुरू होतं, तर पहिला पसारा जेवणाचाच होऊ द्या. मऊ भात, उकडलेला बटाटा, नाचणी सत्त्व पुढ्यात ठेवा आणि स्वतःच्या हाताने चिवडू द्या, तोंडाला फासू द्या. प्रत्येक घासानंतर तोंड पुसायचं नाही, एकदाच शेवटी पुसा. रंग हवा असेल तर ताज्या दह्यात उकडलेल्या बिटाचा रस घाला, एका वाटीत पालकाची प्युरी घाला, आणि परातीत ओतून द्या. या वयात जे हाताला लागेल ते तोंडात जाणार हे धरूनच चालायचं, त्यामुळे बाळाने आधी खाऊन पचवलेले पदार्थच खेळायला वापरा, नवीन काही तिथं पहिल्यांदा देऊ नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, खेळातसुद्धा नाही.

पाणी हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात आवडता खेळ. परातीत दोन बोटं पाणी, दोन वाट्या, झालं. पण इथं मी फार कडक आहे आणि तुम्हीही राहा: लहान मूल पाच सेंटीमीटर पाण्यातसुद्धा बुडू शकतं, आणि ते गुपचूप होतं, ओरडणं वगैरे काही ऐकू येत नाही. त्यामुळे मोठं माणूस हाताच्या अंतरावर पाहिजे, फोन दुसऱ्या खोलीत, बेल वाजली तर बाळाला उचलून घेऊन दार उघडायचं. "ताई बघतीये ना" हे चालणार नाही, ताई पाच वर्षांची आहे. खेळ संपला की परात, टब, बादली लगेच रिकामी करा. पाणी कमी येतं म्हणून आपल्याकडे बाथरूममध्ये बादल्या भरून ठेवायची सवय असते, घरात रांगतं किंवा नुकतं चालायला लागलेलं मूल असेल तर त्यावर घट्ट झाकण ठेवा आणि दाराला वरून कडी लावा. साठलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगीचे डास होतात, हे दुसरं कारण.

उन्हाळ्यात, एप्रिल-मेमध्ये, स्टीलच्या डब्यात पाणी भरून त्यात जास्वंदीच्या पाकळ्या टाका आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, सकाळी तो एकच मोठा बर्फाचा ठोकळा परातीत काढून द्या. कोमट पाणी ओतायचं, मीठ टाकायचं, पाकळी सुटते का बघायची, मुलं यात हरवून जातात. छोटे क्यूब मात्र नकोत, तोंडात घातले तर घशात अडकतात. थंडीत पाणी खेळायचं तर दुपारी, ऊन असताना, सकाळी दहाच्या आत पुण्यात डिसेंबरमध्ये फरशीच इतकी गार असते की नको.

दीड-दोन वर्षांपासून पुढे रंग आणि कणीक. घरचा बोटांनी रंगवायचा रंग म्हणजे खळच: पाव वाटी कॉर्नफ्लोअर आधी थोड्या गार पाण्यात कालवून घ्या नाहीतर गुठळ्या होतात, मग एकूण दोन वाट्या पाणी होईल असं घालून मंद आचेवर ढवळत शिजवा, पारदर्शक आणि दाट झालं की गॅस बंद. पूर्ण गार करा, आतून गरम राहतं म्हणून स्वतःचं बोट घालून बघा. वाट्यांमध्ये वाटून बिटाचा रस, पालक, चिमूटभर हळद किंवा खायचा रंग घाला. जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, बाथरूमच्या टाइल्सवर, स्वतःच्या पोटावर, कुठंही काढू द्या. फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहतो, वास बदलला की टाकून द्या.

खेळायची कणीक शिजवूनच करा. कच्चं पीठ आपण खात नाही, त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात, आणि लहान मुलं चाटतातच. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, मोठा चमचाभर तेल, दोन चमचे लिंबाचा रस, सगळं कढईत एकत्र करून मंद आचेवर हलवत राहा, गोळा कडा सोडायला लागला की उतरवा, कोमट झाल्यावर मळा. घट्ट डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली तर बरेच दिवस टिकते. यात मीठ भरपूर आहे, म्हणजे जिभेला लागलं तर मूल स्वतःच थुंकतं, पण गोळाच्या गोळा खाणारं मूल असेल तर ही कणीक थोडी उशिरा सुरू करा, आणि घरात कुत्रं असेल तर त्याच्यापासून लांबच ठेवा.

तीनच्या पुढच्यांना दोन वाट्या कॉर्नफ्लोअर आणि एक वाटी पाणी नुसतं कालवून द्या. जोरात दाबलं की घट्ट, हात सैल सोडला की ओघळतं, मोठी माणसंसुद्धा हात घालायला येतात. आणि हळदीचा खेळ तर आपल्याच घरातला: पांढऱ्या कागदावर हळदीचं पाणी फासून वाळू द्या, मग साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने त्यावर काढा, लाल रेघ उमटते, लिंबू लावलं की परत पिवळी. कुंकू हळदीपासून करतात ते याच गुणावर, चुन्याने हळद लाल होते. चुना मात्र मुलाच्या जवळपाससुद्धा आणू नका, डोळ्यात गेला तर फार मोठी इजा होते, साबणाच्या पाण्यावर भागवा.

आता रील्समध्ये दिसतं पण करू नये असं थोडं. तांदूळ, चणे, राजमा, वाटाणे भरलेला टब आणि त्यात वर्षाचं बाळ, फोटो छान येतो, पण चणा-शेंगदाण्यासारखी वस्तू श्वासनलिकेत गेली तर जिवाशी खेळ, आणि सुकं कडधान्य तिथल्या ओलाव्याने फुगतं. टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी घ्या, तिच्यातून जे आरपार जातं ते तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचं नाही, एवढं लक्षात ठेवलं की बास. पाण्यात फुगणारे ते रंगीत जेलचे मणी कुठल्याच लहान मुलाच्या घरात नकोत, गिळले तर पोटात जाऊन फुगतात आणि आतडं अडतं, एक्सरेमध्ये पण नीट दिसत नाहीत. थर्माकोलचे मणी, चमकी, शेव्हिंग फोम, बोरॅक्सचा स्लाइम, हेही नको. प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये मुलाचा हात घालून ठसा काढू नका, घट्ट होताना ते इतकं तापतं की भाजतं. आणि बोरन्हाण करताना, तोही एक मस्त पसाराच आहे, पण बोरं, हलवा, शेंगा मूल खालून उचलून तोंडात घालतं, तर मांडीवर घेऊन करा आणि फोटो झाले की आधी खालचं सगळं गोळा करा, मग मूल खाली सोडा.

चिखलावर मला जास्त बोलायचंय कारण सगळ्यात जास्त अडवणूक त्याचीच होते. सोसायटीत सगळीकडे पेव्हर ब्लॉक, बागेत रबरी मॅट, लॉनवर जायचं नाही म्हणून पाटी, तर मुलाला माती मिळणार कुठून? मग आपणच आणायची. नर्सरीतून लाल माती आणा, आणताना विचारा की शेणखत, औषध, रासायनिक खत काही मिसळलंय का, नुसती माती हवी असं स्पष्ट सांगा. चाळून काचा-खडे काढा, दोन दिवस कडक उन्हात पसरा आणि घमेल्यात भरा. काळी माती चिकट असते, गोळे मस्त होतात पण नखातून निघता निघत नाही. गणपतीच्या आधी शाडू सगळीकडे मिळते तेव्हा एक पिशवी जास्तीची घेऊन ठेवा, कसबा पेठेतल्या कुंभारवाड्यात चौकशी केली तर मातीबद्दल दोन गोष्टी कळतील. शाडू ओलीच द्या, कोरडी भुकटी उडून नाकातोंडात जाते. दोन वर्षांच्या मुलाकडून गणपतीची अपेक्षा करू नका, त्याला थापायचंय, बोट खुपसायचंय, परत मोडायचंय. चार-पाच वर्षांचं झालं की नाग, बैल, पणत्या आपोआप येतात.

आणि दिवाळीचा किल्ला आहे की! पुण्यात हे शिकवायची गरजच नाही, विटा रचून पोतं टाकायचं, चिखल कालवून लिंपायचं, वरून अळीव पेरायचे, मावळे मांडायचे. फक्त बऱ्याच ठिकाणी मोठी मुलं आणि बाबालोकच किल्ला करतात आणि लहानांना "तू लांब उभा राहा" होतं. तसं करू नका, एक बुरूज किंवा नुसता चिखल कालवायचं काम पूर्ण त्यांच्याकडे द्या. वाकडा होईल. होऊ द्या. आजकाल तयार किल्ले पण मिळतात, मला ते अजिबात आवडत नाहीत, अर्धी मजा कालवण्यातच असते.

बाहेर जायचं तर तळजाई, वेताळ टेकडी, हनुमान टेकडी, पावसाच्या दोन-चार सरी झाल्यानंतर. आधी जागा स्वतः बघा, काच, तार, कुत्र्यामांजराची घाण नाही ना. बागेतल्या वाळूच्या खड्ड्यातही मांजरं येतात, तिथून त्वचेला आणि पोटाला त्रास देणारे जंत येऊ शकतात, घरी वाळू ठेवली असेल तर झाकून ठेवा. गाजर गवत ओळखायला शिका, ते पांढऱ्या बारीक फुलांचं, भारतात ते पहिल्यांदा १९५५ च्या सुमारास आपल्या पुण्यातच नोंदलं गेलं आणि आता प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर आहे, त्याने अंगाला खाज आणि शिंका सुरू होतात, तिथं मुलाला बसवू नका. पावसात उड्या मारायला सोसायटीतलं किंवा टेकडीवरचं डबकं चालेल. रस्त्यावर तुंबलेल्या, गटारातून वर आलेल्या पाण्यात मात्र नाही, त्यात उंदरांचं मूत्र मिसळलेलं असू शकतं आणि त्यातून होणाऱ्या लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते, पायाला जखम असेल तर आणखीच. घरी आल्यावर साबणाने आंघोळ.

"जंत होतील" असं आजी म्हणते ते काही चुकीचं नाही, मातीतून जंत होतात. त्यावर उपाय आहेत: नखं कापलेली, खेळून झालं की आणि खायच्या आधी साबणाने वीसेक सेकंद हात, आणि जंताचं औषध. सरकारचा राष्ट्रीय जंतनाशक दिन १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास असतो, १ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोल देतात, एक ते दोन वर्षांच्यांना अर्धी गोळी. तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. धनुर्वाताची लस त्रिगुणी मध्ये येते, दीड ते दोन वर्षांच्या दरम्यानचा बूस्टर आणि पाच-सहा वर्षांचा बूस्टर राहिला नाहीये ना एवढं कार्ड काढून बघा आणि मग निवांत सोडा चिखलात.

घरातल्या मोठ्यांशी वाद होतोच. "अन्नाशी खेळू नये" असं आई किंवा सासूबाई म्हणाल्या तर मला त्यांचं पटतं, ते मनापासूनचं असतं, उडवून लावू नका. मग खेळाऐवजी खरं काम द्या ना: मटार सोलायला (मोठं माणूस शेजारी बसून, दाणे तोंडात जाणार नाहीत असं), मेथी निवडायला, पोळीची कणीक मळायला, दिवाळीत लाडू वळायला, हात तेवढेच भरतात आणि अन्न ताटात जातं. बऱ्याचदा मग आजीच "ये रे बाळा, असं वळ" म्हणत शेजारी बसते. टाकलेलं पीठ-भात ओल्या कचऱ्यात किंवा कुंडीच्या खतात जाऊ द्या.

आणि कामवाल्या मावशींवर हा पसारा टाकायचा नाही. त्यांच्या वेळेच्या आधी खेळ मांडून ठेवायचा आणि त्यांनी येऊन पुसायचं, हे बरोबर नाही. ज्याने परवानगी दिली त्याने आवरायचं, मुलाला बरोबर घेऊन. दीड वर्षाचं मूलसुद्धा फडका घेऊन फरशी पुसतं, नीट नाही पुसत पण पुसतं, आणि त्याला तो खेळाचाच भाग वाटतो.

खेळ चालू असताना आपण काय करायचं? गप्प बसायचं. खरंच. "हे काय केलंस, फूल केलंस का, हा कुठला रंग सांग बरं" हे नको, मूल ओतण्यात गुंग आहे, त्याला ओतू द्या, एकच वाटी वीस वेळा भरेल आणि रिकामी करेल. भरलेली वाटी जड, रिकामी हलकी, किती तिरकी केली की सांडते, हे ते तेव्हा हाताने शिकत असतं, चिमटीत धरून, दाबून, पिळून बोटांना जो जोर येतो तोच पुढे बटण लावायला, पेन्सिल धरायला लागतो. बालशिक्षणात काम केलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघरकडच्या बोर्डी-कोसबाडला शंख-शिंपले, बिया, पानं, माती अशा आजूबाजूच्या वस्तू घेऊन बालवाडी चालवली, महागड्या साधनांवाचून. आपल्याला घमेलं आणि माती पुरते.

काही मुलांना हात भरलेले अजिबात चालत नाहीत, लगेच "पूस पूस" करतात. अशा मुलाचा हात धरून चिखलात बुडवू नका, ते परत त्या बाजूला फिरकणार नाही. चमचा द्या, ब्रश द्या, कणीक झिपलॉकच्या पिशवीत घालून वरून दाबू द्या, शेजारी पाण्याची वाटी ठेवा म्हणजे हवं तेव्हा हात धुता येईल, आणि तुम्ही स्वतः शेजारी बसून खेळा. हळूहळू एक बोट येतं. पण जेवण, कपडे, अंघोळ, गवतावर पाय टेकणं, सगळ्यालाच खूप रडारड होत असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला, गरज वाटली तर ते ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे (स्पर्शाची, रोजच्या कामांची हळूहळू सवय करून देणाऱ्या तज्ज्ञाकडे) पाठवतील.

आवरायचं असं. पाच मिनिटं आधी सांगा, "आता शेवटच्या तीन वाट्या ओतायच्या," एकदम उचलून नेलं तर आकांत ठरलेला. मुलाला तिथंच पुसून, कपडे तिथंच काढून, जुन्या टॉवेलात गुंडाळून थेट बाथरूममध्ये. अंघोळीच्या पाण्यात पण थोडं खेळू द्या म्हणजे खेळ संपल्याचं वाईट वाटत नाही. चिखलाचे कपडे ओले घासू नका, वाळू द्या, झटका, मग बादलीत खळबळून घ्या आणि त्यानंतर मशीनला, वाळू-माती सरळ मशीनमध्ये गेली तर जाळी आणि पंप दोन्ही बिघडतात. माती आणि कॉर्नफ्लोअर बेसिनमध्ये ओतायचं नाही, पाइप तुंबतो, परातीतच वाळू द्या आणि खरवडून टाका, माती परत घमेल्यात. बिटाचा डाग गार पाण्यात लगेच धुतला तर जातो. हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल होईल, घाबरू नका, धुऊन ओलाच कडक उन्हात टाका, एक-दोन उन्हात फिका पडतो. आणि खेळायचे कपडे वेगळेच ठेवलेत तर डाग जायलाच पाहिजे असंही नाही.